एकाच शोधपत्रिकेचे चार आकडे: कोणता धरावा आणि किती मानावा?

प्रश्न: सागरकाठ

नमस्कार. मी मुंबईत प्राणिशास्त्रात पीएच.डी. करीत आहे. हाजी अली आणि वांद्र्याच्या कार्टर रोडजवळील खडकाळ किनाऱ्यावर, उधाणाच्या दिवसांतील मोठ्या ओहोटीच्या वेळी जाऊन, समुद्री गोगलगाईंच्या नोंदी मी तीन वर्षे घेतल्या. त्यांवर आधारलेला माझा पहिला शोधनिबंध आता लिहून तयार आहे. तो कोठे पाठवावा हे मात्र महिना उलटला तरी ठरत नाही, आणि याचे कारण निबंधाच्या आशयात नसून आकड्यांत आहे.

माझ्यासमोर दोन शोधपत्रिका आहेत. पहिली परदेशी असून लेखकाकडून प्रकाशनशुल्क घेते. तिच्या संकेतस्थळावर इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे तिच्यातील लेखांचा इतरांनी सरासरी किती वेळा संदर्भ दिला याचा आकडा, १.९ दिला आहे, शेजारीच साइटस्कोअर ३.४ आहे, दुसऱ्या एका ठिकाणी एसजेआर ०.५२ दिसतो आणि गूगल स्कॉलरवर तिचा एच-५ निर्देशांक १७ आहे. पत्रिका एक, वर्ष एक आणि आकडे चार. त्यांपैकी कोणता आकडा तिचा खरा प्रभाव सांगतो हे मला उमगत नाही. दुसरी पत्रिका भारतीय आहे, शुल्क घेत नाही आणि तिचा इम्पॅक्ट फॅक्टर जेमतेम ०.६ आहे, परंतु आपल्या किनाऱ्यावर काम करणारे माझ्या ओळखीचे सगळे अभ्यासक ती वाचतात आणि हा विषय मी स्वतः तिच्याच जुन्या अंकांतून शिकलो. माझ्या मार्गदर्शकांचे म्हणणे असे की पुढे सहायक प्राध्यापकपदासाठी अर्ज करताना निवड समितीपुढे आकडाच ठेवावा लागतो, म्हणून पहिलीच निवडावी. त्यांचा अनुभव माझ्याहून मोठा आहे, त्यामुळे मी ते सहज बाजूला सारू शकत नाही.

याशिवाय गेल्या आठवड्यात एका तिसऱ्याच पत्रिकेचे ईमेल आले. तिने आपला इम्पॅक्ट फॅक्टर ७.३ असल्याचे कळवून चार दिवसांत स्वीकृती देण्याचे आश्वासन दिले आहे. हे कसे तपासावे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.


उत्तर: जुना ग्रंथपाल

आपला प्रश्न नेमका आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. मुंबईतील महाविद्यालयीन ग्रंथालयांत मी जवळजवळ तीस वर्षे काम केले आणि कोणत्या पत्रिकेची वर्गणी चालू ठेवायची व कोणतीची थांबवायची, हे ठरवताना दरवर्षी याच आकड्यांशी माझी गाठ पडत असे. खरे तर ही मोजणी सुरू झाली तीच ग्रंथपालाच्या गरजेतून. १९२७ मध्ये अमेरिकेतील पोमोना कॉलेजमधील ग्रॉस आणि ग्रॉस या दोघांनी ‘जर्नल ऑफ द अमेरिकन केमिकल सोसायटी’च्या एका वर्षाच्या खंडातील संदर्भ मोजले आणि इतर कोणत्या पत्रिकांचा उल्लेख किती वेळा होतो याचा तक्ता केला. लहान महाविद्यालयाने आपले मोजके पैसे कोणत्या पत्रिकांवर खर्च करावेत, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

पुढे १९५५ मध्ये यूजीन गारफिल्ड यांनी ‘सायन्स’ या शोधपत्रिकेत सायटेशन निर्देशिकेची, म्हणजे कोणी कोणाचा संदर्भ दिला याच्या सूचीची, कल्पना मांडली. जुना निवाडा पुढे कोणत्या खटल्यांत ग्राह्य धरला गेला किंवा फिरवला गेला हे शोधण्यासाठी अमेरिकेतील वकील जी सूची वापरत, ती त्यांच्यासमोर होती. एखादा शोधनिबंध पुढे कोणी वापरला, कोणी खोडून काढला, हा धागा वाचकाच्या हाती यावा, हा त्यामागचा विचार होता. फिलाडेल्फियातील त्यांच्या संस्थेने १९६४ मध्ये ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ आणली आणि १९७५ पासून पत्रिकांचे आकडे ‘जर्नल सायटेशन रिपोर्ट्स’ या नावाने वेगळे निघू लागले. आज तो अहवाल क्लॅरिव्हेट ही कंपनी दर जूनमध्ये प्रसिद्ध करते. हा इतिहास सांगण्याचे कारण असे की या मोजणीत पत्रिका हे एकक आहे. त्यात आपण किंवा आपला निबंध कोठेही नाही.

आता चार आकड्यांकडे वळू. इम्पॅक्ट फॅक्टरचे गणित साधा भागाकार आहे. समजा, आपल्या पहिल्या पत्रिकेने २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांत मिळून २०० शोधनिबंध आणि समीक्षालेख छापले आणि २०२४ या एका वर्षात वेब ऑफ सायन्स या क्लॅरिव्हेटच्या संग्रहातील पत्रिकांनी त्या दोन वर्षांतील साहित्याचा ३८० वेळा संदर्भ दिला, तर २०२४ चा इम्पॅक्ट फॅक्टर १.९ येतो. साइटस्कोअर हा एल्सव्हियरच्या स्कोपस या संग्रहावरून काढतात. त्यात २०२१ ते २०२४ या चार वर्षांत छापलेले साहित्य आणि त्याच चार वर्षांत त्याला मिळालेले संदर्भ धरतात. चार वर्षांत ४०० लेख आणि १,३६० संदर्भ असतील तर ३.४ येतो. म्हणजे १.९ आणि ३.४ या आकड्यांत विरोध काहीच नाही. संग्रह निराळा, काळाची खिडकी निराळी, म्हणून भागाकार निराळा. एकीचा इम्पॅक्ट फॅक्टर आणि दुसरीचा साइटस्कोअर शेजारी ठेवून तुलना करणे मात्र सपशेल चूक आहे आणि ती चूक मी अनेक अर्जांत पाहिली आहे.

एसजेआर हाही स्कोपसवरच आधारलेला आहे, पण त्यात प्रत्येक संदर्भाचे वजन सारखे नसते. ज्या पत्रिकेचा स्वतःचा मोठा उल्लेख होतो, तिने दिलेला संदर्भ अधिक भारी धरला जातो. २००७ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातून आलेला आयगनफॅक्टरही याच जातीचा. एच-५ चा अर्थ असा की गेल्या पाच पूर्ण वर्षांतील किमान १७ लेखांना प्रत्येकी किमान १७ संदर्भ मिळाले आहेत. ही सरासरी नसल्यामुळे भरपूर लेख छापणाऱ्या मोठ्या पत्रिकेचा एच-५ आपोआप चढा राहतो.

‘खरा’ असा एक आकडा यांत नाही. प्रत्येक आकडा वेगळ्या प्रश्नाचे उत्तर आहे आणि प्रश्न न सांगता दिलेल्या उत्तराचा उपयोग होत नाही.

तिसऱ्या पत्रिकेबद्दल मात्र मला शंका नाही. क्लॅरिव्हेटची ‘मास्टर जर्नल लिस्ट’ विनामूल्य उपलब्ध आहे. तेथे आयएसएसएन, म्हणजे पत्रिकेचा ओळखक्रमांक, टाकून पाहा. केवळ नावाने शोधू नका, कारण जुन्या प्रतिष्ठित पत्रिकेसारखे नाव धारण करण्याची युक्ती सर्रास वापरली जाते. सूचीत ती नसेल तर ७.३ हा आकडा कोणीतरी पैसे घेऊन दिलेला किंवा स्वतःच ठरवलेला आहे असे समजावे. इम्पॅक्ट फॅक्टरशी मिळतीजुळती नावे घेऊन असे आकडे वाटणाऱ्या कंपन्यांची एक वेगळी यादी अमेरिकन ग्रंथपाल जेफ्री बील यांना २०१७ पर्यंत चालवावी लागली होती, इतका हा व्यवहार पसरला होता. आणि तज्ज्ञांकडून प्रामाणिक परीक्षण चार दिवसांत होत नाही.


उत्तर: परळकर डॉक्टर

ग्रंथपालांनी भागाकार स्पष्ट केला आहे. मी एका लहान वैद्यकीय पत्रिकेच्या संपादक मंडळावर काही वर्षे काम केले, त्या अनुभवावरून या भागाकाराच्या आत काय घडते ते सांगतो.

पहिली गोष्ट सरासरीची. नॉर्वेचे संशोधक पर सेगलेन यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिले की पत्रिकेतील सुमारे १५ टक्के लेख निम्मे संदर्भ मिळवतात आणि सर्वाधिक उल्लेख झालेल्या निम्म्या लेखांकडे जवळजवळ ९० टक्के संदर्भ जातात. म्हणजे उरलेले अर्धे लेख शेजाऱ्याच्या पुण्याईवर तोच आकडा मिरवतात. याचे टोकाचे उदाहरण स्फटिकशास्त्रातील ‘ॲक्टा क्रिस्टलोग्राफिका’च्या ए विभागाचे आहे. २००८ चा तिचा इम्पॅक्ट फॅक्टर २.०५१ होता, तो २००९ मध्ये एकदम ४९.९२६ झाला. पत्रिका एका वर्षात चोवीस पटींनी सुधारली नव्हती. जॉर्ज शेल्ड्रिक यांनी आपल्या शेलएक्स या संगणकप्रणालीचा आढावा तेथे २००८ मध्ये छापला होता आणि ती प्रणाली वापरणारा जगातील प्रत्येक स्फटिकशास्त्रज्ञ त्या एका लेखाचा संदर्भ देऊ लागला होता. दोन वर्षांची खिडकी पुढे सरकताच आकडा पुन्हा दोनच्या आसपास आला. त्या दोन वर्षांत तेथे निबंध छापून आणलेल्या इतर लेखकांच्या कामात या चढ-उताराने कोणताही फरक पडलेला नव्हता, पण त्यांच्या अर्जावर मात्र पन्नासच्या जवळचा आकडा आला असणार.

करोनाच्या काळातही हेच पाहायला मिळाले. ‘लॅन्सेट’चा इम्पॅक्ट फॅक्टर २०२० साठी ७९ होता आणि २०२१ साठी २०२ च्या पुढे गेला, नंतर तो उतरला.

दुसरी गोष्ट अंश आणि छेद यांची. छेदात फक्त शोधनिबंध आणि समीक्षालेख धरतात. अंशात मात्र संपादकीय, वाचकांची पत्रे, बातमीवजा टिपणे अशा सगळ्यांना मिळालेले संदर्भ येतात. म्हणून संपादकीये आणि पत्रव्यवहार भरपूर छापणाऱ्या मोठ्या वैद्यकीय पत्रिकांना त्याचा लाभ मिळतो. कोणता मजकूर छेदात धरायचा हे कोण ठरवते, हा प्रश्न ‘प्लॉस मेडिसिन’च्या संपादकांनी २००६ मध्ये जाहीरपणे विचारला होता. त्यांच्या पत्रिकेचा आकडा, कोणते लेख मोजले यावर अवलंबून, तीनपेक्षा कमीपासून अकरापर्यंत कोठेही येऊ शकत होता. पुढच्याच वर्षी रॉकफेलर युनिव्हर्सिटी प्रेसच्या संपादकांनी मूळ विदा विकत घेऊन स्वतः बेरीज केली, तेव्हा प्रसिद्ध झालेला आकडा त्यांना जुळवता आला नाही. २०२३ पासून हे आकडे तीनऐवजी एकाच दशांश स्थळापर्यंत देतात, हे मला योग्य वाटते, ४.१२७ आणि ४.१३१ यांत श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवणे व्यर्थ होते.

तिसरी गोष्ट लिहिताना मला अजूनही वाईट वाटते. आमच्या रुग्णालयातील एका तरुण सहकाऱ्याचा निबंध परदेशातील एका पत्रिकेने ‘किरकोळ दुरुस्त्यांसह’ परत पाठवला आणि त्या दुरुस्त्यांत एकच ओळ अशी होती की आमच्या पत्रिकेत गेल्या दोन वर्षांत आलेल्या काही लेखांचा संदर्भ घालावा. दोनच वर्षे का, हे आता आपल्या लक्षात आले असेल. त्याने ते संदर्भ घातले, कारण त्याला बढतीसाठी तो निबंध हवा होता. मी त्याला दोष देऊ शकलो नाही. विल्हाइट आणि फाँग यांनी २०१२ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, समाजशास्त्रे आणि व्यवस्थापन या क्षेत्रांतील, सुमारे पाचांतील एका संशोधकाने असा दबाव अनुभवल्याचे सांगितले होते. त्याच्या पुढची पायरी म्हणजे पत्रिकांनी आपापसांत संगनमत करणे. २०१३ मध्ये ब्राझीलमधील चार वैद्यकीय पत्रिकांचे आकडे एकमेकींना संदर्भ पुरवल्यावरून रोखून धरले गेले.

एवढे असूनही हा आकडा फेकून द्यावा असे मी म्हणणार नाही. एकाच विषयातील दोन पत्रिकांमध्ये ०.६ आणि ६ असा फरक असेल तर त्याला अर्थ असतो. ०.६ आणि १.९ मध्ये किती अर्थ आहे, ते त्या विषयातील माणसाने सांगावे.


उत्तर: शिंपलेवाला

मी वर्गीकरणशास्त्रात काम करतो, म्हणून डॉक्टरांनी सोडलेला प्रश्न घेतो. आपल्या क्षेत्रात त्या फरकाला फारच थोडा अर्थ आहे, आणि त्याची कारणे ठोस आहेत.

प्राण्याच्या शास्त्रीय नावापुढे त्याचे प्रथम वर्णन करणाऱ्याचे नाव आणि वर्ष लिहिण्याची आपली परंपरा आहे. तो खऱ्या अर्थाने संदर्भच आहे, पण बहुतेक लेखक ते मूळ वर्णन शेवटच्या संदर्भसूचीत घालत नाहीत, त्यामुळे संग्रहात त्याची नोंद होत नाही. शंभर जणांनी तुम्ही वर्णन केलेली गोगलगाय ओळखण्यासाठी तुमचा निबंध उघडला आणि नावापुढे तुमचे नाव लिहिले, तरी मोजणीत शून्य राहू शकते. त्यातच दोन वर्षांची खिडकी! सालिम अली यांनी किहीमला सुगरणीच्या घरटी बांधण्याच्या सवयींचे जे निरीक्षण केले, ते १९३१ मध्ये आपल्याच मुंबईच्या, १८८६ पासून निघणाऱ्या ‘जर्नल ऑफ द बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’त आले. पक्षिशास्त्रज्ञ आजही तो निबंध वापरतात आणि त्या प्रत्येक वापराची त्या पत्रिकेच्या इम्पॅक्ट फॅक्टरमधील किंमत शून्य आहे.

२०२० मध्ये तर ‘झूटॅक्सा’ला आकड्यांच्या अहवालातून वगळण्यात आले होते. न्यूझीलंडमधून निघणाऱ्या या पत्रिकेत जगातील नव्या प्राणिजातींच्या वर्णनांचा फार मोठा वाटा येतो. साहजिकच तिचे लेखक तिच्यातीलच आधीच्या वर्णनांचा संदर्भ देतात. ते प्रमाण अतिरिक्त आत्मसंदर्भ ठरवले गेले. जगभरातील वर्गीकरणतज्ज्ञांनी निषेध केल्यावर निर्णय मागे घेतला गेला, हे खरे. पण आमचे काम मोजणाऱ्यांना त्याचे स्वरूपच ठाऊक नव्हते, हे त्या निमित्ताने उघड झाले.

आपल्या पहिल्या पत्रिकेत किनारी परिसंस्थांबरोबर प्रदूषण, जलरसायन, सूक्ष्मजीव असे विषयही येत असणार. त्या विषयांत संदर्भ लवकर आणि संख्येने जास्त मिळतात. तो १.९ त्यांचा आहे, गोगलगाईंचा नव्हे. विषयांतील ही तफावत सर्वत्र आहे. गणितातील सर्वोच्च मानल्या जाणाऱ्या ‘ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’चा आकडा पाचच्या आसपास फिरतो, तर पेशीजीवशास्त्रातील ‘सेल’चा चाळिशीच्या पुढे असतो, यावरून गणित हलके ठरत नाही.


उत्तर: अभंगवाटा

मी मराठी विषय शिकवते आणि येथील चर्चा विज्ञानाची असली तरी एक गोष्ट नोंदवल्याशिवाय मला राहवत नाही. आपण ०.६ ला कमी म्हणत आहात. आमच्याकडे आकडाच नाही. माझ्या एका विद्यार्थिनीने गिरणगावातील कामगार रंगभूमीवर मराठीत लिहिलेल्या लेखाचा उल्लेख पुढे दोन पुस्तकांच्या तळटीपांत झाला. तो कोणत्याही संग्रहात उमटला नाही, कारण मराठी पत्रिका तेथे जवळजवळ नाहीतच आणि मराठी पुस्तकांच्या तळटीपा कोणी मोजत नाही. कला आणि मानव्यविद्यांच्या सूचीतील पत्रिकांना तर इम्पॅक्ट फॅक्टर मिळू लागला तोच मुळी २०२३ पासून.

मोजपट्टी नाही म्हणून आमच्यासाठी याद्या आल्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य पत्रिकांच्या यादीतून मे २०१८ मध्ये ४,३०५ पत्रिका एका फटक्यात वगळल्या गेल्या, नंतर आयोगाचीच ‘केअर’ ही नवी यादी आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद करून निवडीची जबाबदारी संस्थांवर सोपवण्यात आली. या सात वर्षांत कितीतरी चांगल्या विद्यार्थ्यांनी वाचक कोठे आहे हे न पाहता यादी कोठे आहे हे पाहून लिहिले. सागरकाठ, आपल्याला वाचक ठाऊक आहे, ही फार मोठी गोष्ट आहे.


पुन्हा: सागरकाठ

सर्वांचे मनापासून आभार. आयएसएसएन टाकून पाहिले. तिसरी पत्रिका सूचीत नाही. माझा कल आता भारतीय पत्रिकेकडे झाला आहे. एकच शंका उरते: निवड समितीच्या तक्त्यात याचे नुकसान नेमके किती होईल? मार्गदर्शकांना मला ते आकड्यानेच सांगावे लागेल.


उत्तर: जुना ग्रंथपाल

ते आकड्यानेच सांगता येते. आयोगाच्या २०१८ च्या विनियमांना जोडलेल्या तक्त्यात परीक्षित पत्रिकेतील निबंधाला जे वाढीव गुण दिले आहेत, ते असे: इम्पॅक्ट फॅक्टर नसल्यास ५, एकपेक्षा कमी असल्यास १०, एक ते दोन असल्यास १५, दोन ते पाच असल्यास २० आणि त्यापुढे आणखी. म्हणजे ०.६ आणि १.९ यांत फरक पडतो तो ५ गुणांचा. आणि त्या तक्त्याने आधार म्हणून थॉमसन रॉयटर्सच्या यादीचे नाव घेतले आहे, जो व्यवसाय त्या कंपनीने २०१६ मध्येच विकला होता. ती यादी आज क्लॅरिव्हेटकडे आहे. ईमेलमधील ७.३ ला म्हणूनही काही किंमत नाही. हा तक्ता मुख्यतः बढती आणि वरच्या पदांसाठी आहे, म्हणून ज्या संस्थेत अर्ज कराल तेथे तो लागू आहे का, हे जाहिरातीवरून त्या वेळी तपासा.

पाच गुण कमी नाहीत, हे मी मान्य करतो. अटीतटीच्या निवडीत ते महत्त्वाचे ठरतात. पण प्रकाशनशुल्काचा खर्च आणि निबंध योग्य वाचकांपर्यंत न पोहोचण्याचा तोटा त्यांच्या दुसऱ्या बाजूला ठेवून पाहा. मार्गदर्शकांशी बोलताना सॅन फ्रान्सिस्कोच्या जाहीरनाम्याचा आधार घेता येईल. डिसेंबर २०१२ मधील बैठकीतून निघालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या जाहीरनाम्याची मुख्य शिफारसच अशी आहे की नेमणूक, बढती किंवा अनुदान ठरवताना पत्रिकेचा आकडा व्यक्तीच्या कामाच्या जागी वापरू नये. २०१५ च्या लायडन जाहीरनाम्यातील दहा तत्त्वांपैकी एक तर आपल्यासाठीच लिहिल्यासारखे आहे: स्थानिक महत्त्वाच्या संशोधनातील गुणवत्तेचे रक्षण करावे.

अर्जात पत्रिकेचा आकडा लिहाच, पण वर्ष आणि स्रोत यांसह लिहा आणि त्याखाली तीन-चार ओळींत या निबंधाने काय दिले ते नोंदवा: किती स्थळे, किती भेटी, किती जाती, त्यांपैकी मुंबईच्या किनाऱ्यावर प्रथमच आढळलेल्या किती. नोंदींचा मूळ तक्ता झेनोडोसारख्या खुल्या संग्रहात ठेवल्यास त्याला स्वतंत्र डीओआय, म्हणजे कायमचा ओळखक्रमांक, मिळतो आणि पुढे कोणी तो वापरला तर त्याचा मागही लागतो.


पुन्हा: सागरकाठ

मार्गदर्शकांशी आज सविस्तर बोललो. पाच गुणांचा हिशेब त्यांना पटला. शुल्काची रक्कम पुढच्या हंगामातील क्षेत्रभेटींसाठी राखून ठेवावी, असे त्यांनीच सुचवले. निबंध भारतीय पत्रिकेकडे पाठवला आहे. नोंदींचा तक्ता स्थळांप्रमाणे नीट लावून झाल्यावर, या आठवड्यातच, झेनोडोवर ठेवतो आणि त्याचा डीओआय येथे देतो, म्हणजे कोकणच्या किनाऱ्यावर काम करणाऱ्या कोणालाही तो ताडून पाहता येईल.